कॉमिक्सवर बोलायला पॉडकास्टवर जाताय? सोलापुरातून करायची तयारी, टप्प्याटप्प्यानं

कॉमिक्सवर वर्षानुवर्षं लिहिणारी माणसं पॉडकास्टवर पाहुणे म्हणून आली की बहुतेक एकाच ठिकाणी घसरतात. माहिती कमी पडते असं नाही, उलट ती जरा जास्तच असते. पण ती पान समोर धरल्यासारखी बोलतात आणि ऐकणाऱ्यासमोर पान नसतं. "इथे बघा, काय अँगल घेतलाय!" कुठे बघायचं? ऐकणारी भाकऱ्या थापतेय, ऐकणारा बाळीवेशीच्या गर्दीतून गाडी काढतोय.

दुसरी चूक क्रमाची. मी सोलापुरात रेकॉर्डिंग आणि एडिटिंगचं काम करतो. "माइक कोणता घेऊ?" हा प्रश्न मला सगळ्यात आधी विचारला जातो, आणि खरं तर तो सहाव्या टप्प्यावरचा आहे. म्हणून खाली दिलेला क्रम मोडू नका. हातात दहा-बारा दिवस असतील तर सगळं निवांत होतं. चारच असतील तर टप्पा २ आणि ३ सोडू नका, बाकीचं कसंही भागवता येतं.

टप्पा १: होकार देण्याआधी फोन करा

मेसेजवर "हो, येतो" लिहून मोकळे होऊ नका. सूत्रधाराशी दहा मिनिटं फोनवर बोला आणि एवढं विचारून घ्या.

फक्त आवाज जाणार आहे की व्हिडिओही? थेट प्रक्षेपण की एडिट करून? रेकॉर्डिंग किती वेळाचं आणि त्यातून भाग किती मिनिटांचा? (तासभर बोलून पस्तीस मिनिटं उरणं हे नेहमीचंच. आपलं बोलणं कापलं म्हणून नंतर रुसू नये.) तुम्ही एकटेच आहात की आणखी कुणी पाहुणा आहे? प्रसिद्ध होण्याआधी ऐकायला मिळेल का, आणि तथ्याची चूक सापडली तर ती काढतील का? मानधन किंवा प्रवासखर्च आहे का? हा शेवटचा प्रश्न विचारायला आपल्याकडे माणसं फार संकोचतात. विचारा. नाही म्हणाले तरी बिघडत काही नाही, आणि नंतरची कुरबुर वाचते.

या सगळ्यांत मोलाचा प्रश्न वेगळाच आहे: ऐकणारे कोण? कॉमिक्स गोळा करणारे असतील तर "वेताळ" म्हटल्यावर त्यांना कोणता अंक, कोणता चित्रकार हे ऐकायचं असतं. साधे पुस्तकं वाचणारे असतील तर त्यांना अजून विक्रमाच्या खांद्यावरचा वेताळ आणि इंद्रजाल कॉमिक्समधला जांभळ्या वेषातला वेताळ (म्हणजे फँटम) यांतला फरक पहिल्याच वाक्यात सांगावा लागतो. दोन्हींसाठी एकच तयारी चालत नाही.

मग त्या पॉडकास्टचे जुने दोन भाग पूर्ण ऐका. सुरुवातीची पाच मिनिटं आणि सूत्रधार पाहुण्याला मध्येच तोडतो त्या जागा खास लक्ष देऊन ऐका. काही सूत्रधार किस्सा आला की मोकळं सोडतात, काहींना तीस सेकंदांत उत्तर हवं असतं.

*तपासणी:* एका ओळीत लिहा, "अमुक लोकांसाठी, इतकी मिनिटं, या गोष्टीबद्दल". ओळीत जागा रिकामी राहिली तर परत फोन लावा.

टप्पा २: विषय पुरत नाही, मुद्दा लागतो

"भारतीय कॉमिक्स" हा विषय झाला. त्यावर तासभर बोललात तर यादी होते, गप्पा होत नाहीत. मुद्दा म्हणजे असं वाक्य, ज्यावर समोरचा "छे, मला नाही पटत" म्हणू शकेल.

उदाहरणार्थ: "चांदोबा हे कॉमिक्स नव्हतं, पण चित्रं वाचायला आपल्याला त्यानंच शिकवलं." किंवा "वेताळ आणि मँड्रेकच्या गर्दीत बहादूर आला, तेव्हा कुठे इंद्रजालमध्ये आपल्याकडचं गाव दिसलं." ही वाक्यं बरोबर असलीच पाहिजेत असं नाही. त्यांच्यावर भांडता आलं पाहिजे.

सोलापूरकरांकडे इथे एक भांडवल आहे आणि ते फार कमी जण वापरतात. चंदामामा हे मुलांचं मासिक जुलै १९४७ मध्ये आधी तेलुगू आणि तमिळमध्ये निघालं, मराठी चांदोबा १९५२ मध्ये आला. आपल्या पूर्व भागात तेलुगू बोलणारी पद्मशाली कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या राहतात. शेजारच्या एखाद्या आजोबांना जाऊन विचारा, घरात कोणता अंक यायचा, तेलुगू की मराठी, आणि पोरं कोणता वाचायची. जे उत्तर मिळेल ते पुण्या-मुंबईच्या पाहुण्याकडे नसणार. कानडी घरांतही हेच विचारता येईल. यासाठी दोन संध्याकाळी गेल्या तरी सत्कारणी लागल्या.

*सावधान:* "लहानपणी उन्हाळ्याच्या सुट्टीत, रद्दीच्या दुकानात, एक रुपयात..." ही आठवण प्रत्येक पाहुण्याकडे असते आणि प्रत्येक जण सांगतो. तिला एक मिनिट द्या. दुसरं मिनिट देऊ नका.

मुद्द्याच्या आधाराला तीन गोष्टी पुरेत. सात लिहून नेल्यात तर चौथ्या मिनिटाला तुम्ही कागद शोधत बसाल, आणि तो शोधण्याचा आवाजही रेकॉर्ड होईल.

टप्पा ३: पान तोंडानं दाखवायचा सराव

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. आपण कॉमिक्सवर लिहितो तेव्हा शेजारी चित्र असतं, त्यामुळे चित्राबद्दलचं मत लिहिलं की भागतं. आवाजात आधी चित्र उभं करावं लागतं आणि मत मागून येतं. बहुतेकांचं उलट होतं. मत आधी येतं, चित्र येतच नाही.

मुद्द्याला धरून तीनच पानं निवडा. पान निवडताना "सगळ्यात सुंदर" बघू नका, "सगळ्यात सांगण्याजोगं" बघा. पन्नास माणसांच्या लढाईचं पानभर चित्र छापील अंकात थरारक असतं, आवाजात त्याची यादी होते. तीन-चार चौकटींत एकच गोष्ट घडते असं पान आवाजाला मानवतं.

आता प्रत्येक पान याच क्रमानं सांगायचं:

१. पानाचा आकार आणि चौकटी: किती, आडव्या की उभ्या, मोठी कोणती.
२. नजर कुठून बघते: वरून, खालून, पाठीमागून, दाराच्या फटीतून.
३. चौकटीत कोण आहे आणि काय करतंय. एका चौकटीला एक क्रियापद पुरे.
४. दोन चौकटींमधल्या फटीत काय घडलं, म्हणजे जे काढलेलंच नाही ते.
५. शेवटी तुमचं मत.

समजा एक काल्पनिक पान आहे. बिघडलेलं वर्णन असं असतं:

"या पानाचं कंपोझिशन म्हणजे कमाल आहे! चित्रकारानं स्पेस इतकी सुंदर वापरलीय, आणि तो जो क्षण पकडलाय ना, तो शब्दांत सांगताच येत नाही."

सांगता येत नसेल तर बोलावलंय कशाला? तेच पान असं सांगता येतं:

"पानात चार चौकटी आहेत. वरची एक, पानभर रुंद: रात्र, विहीर, काठावर पाठमोरा मुलगा. तिच्याखाली तीन उभ्या, चिंचोळ्या चौकटी शेजारीशेजारी. पहिलीत नुसती पावलं, विहिरीच्या काठावर. दुसरीत रिकामा काठ. तिसरीत पाणी आणि त्यावर वर्तुळं. मुलगा पडताना कुठेच काढलेला नाही. पहिली आणि दुसरीच्या मधल्या फटीत तो पडतो, आणि तिथे त्याला पाडणारे आपणच असतो."

हे सावकाश बोलायला अर्धं मिनिट लागतं. यात "सुंदर", "कमाल", "अप्रतिम" यांपैकी एकही शब्द नाही. तरी शेवटच्या वाक्यापर्यंत ऐकणाऱ्याला पान दिसलेलं असतं, म्हणून ते मत त्याला पटतं किंवा खटकतं. दोन्ही चालेल.

काही बारकावे. रंग सांगताना नुसतं "रंगसंगती छान" म्हणू नका, "आकाश हळदीच्या रंगाचं, माणसं निळी" असं सांगा. जपानी मांगाचं पान असेल तर आधीच सांगून टाका की हे उजवीकडून डावीकडे वाचायचं असतं. नाहीतर "पहिली चौकट" म्हटल्यावर ऐकणारा भलत्या कोपऱ्यात जातो. फुग्यातला संवाद वाचायचा असेल तर एकच फुगा वाचा आणि कोणत्या चौकटीतला ते सांगा. नाटकी आवाज काढू नका. तुमच्या अंगात नट असेल तर मात्र खुशाल काढा.

"पॅनेल", "इंकिंग", "स्प्लॅश पेज" हे शब्द कॉमिक्सवाल्यांत सर्रास चालतात. सर्वसाधारण श्रोत्यांसमोर पहिल्यांदा "चौकट", "शाईकाम", "पानभर चित्र" म्हणा. एकदा समजलं की मग काहीही म्हणा.

*तपासणी:* हिच्याशिवाय पुढच्या टप्प्यावर जाऊ नका. कॉमिक्स न वाचणाऱ्या कुणाला तरी फोन करा, बहीण, मावशी, ऑफिसातला मित्र, कुणीही. पान सांगा आणि ऐकताना कागदावर चौकटी काढायला सांगा. चित्र वेडंवाकडं आलं तर हरकत नाही. चौकटींची संख्या, मोठी-लहान आणि कोण कुठे आहे एवढं जुळलं पाहिजे. जुळलं नाही तर दोष त्यांचा नाही. वर्णन बदला आणि दुसऱ्या माणसाला फोन करा, कारण पहिल्याला आता उत्तर माहीत झालंय.

टप्पा ४: नावं, सालं आणि उच्चार यांचं कार्ड

कॉमिक्स ऐकणारी मंडळी चूक पकडण्यात वाकबगार असतात. साल चुकलं की पुढचा तास ते तुमचा मुद्दा ऐकत नाहीत, पुढची चूक शोधत बसतात. पोस्टकार्डाएवढ्या जाड कागदावर फक्त लागणारी तथ्यं लिहा. हमखास चुकणाऱ्या काही जागा:

इंद्रजाल कॉमिक्स मार्च १९६४ मध्ये टाइम्स समूहानं सुरू केलं आणि १९९० मध्ये ते बंद झालं. वेताळ आणि मँड्रेक ही दोन्ही पात्रं अमेरिकी लेखक ली फॉकची, पण मँड्रेक आधीचा, १९३४ चा. फँटम म्हणजे आपला वेताळ १९३६ चा. लोक सर्रास उलट सांगतात. बहादूर फॉकचा नाही. तो १९७६ मध्ये आबिद सुरती यांनी निर्माण केला आणि त्याची चित्रं गोविंद ब्राह्मणिया यांची.

अमर चित्र कथा १९६७ ची, अनंत पै यांची. पै हे संपादक आणि लेखक होते. "त्यांनी काढलेली चित्रं" असं म्हणाल तर चित्रकारांवर अन्याय होतो. "कृष्ण" हा पहिला अंक, हेही चूक. त्याचा क्रमांक ११ आहे, कारण आधीचे दहा परदेशी परीकथांचे होते. "कृष्ण"ची चित्रं राम वाईरकरांची. टिंकल हे मुलांचं नियतकालिक १९८० चं.

मूळ फँटममधल्या देशाचं नाव इंद्रजालनं बदलून डेंकाली केलं होतं. तुम्ही मूळ इंग्रजी पट्ट्यांवर बोलताय की इंद्रजालच्या अंकांवर, हे आधी सांगा. नाहीतर दोन्ही बाजूंचे वाचक तुम्हालाच दुरुस्त करत बसतील.

सालं कार्डावर आकड्यांत लिहू नका, अक्षरांत लिहा: "सदुसष्ट", "शहात्तर", "चौसष्ट". माइकसमोर १९६७ दिसल्यावर तोंडून "सत्तावन्न" निघणारे चांगले शिकलेले लोक मी ऐकलेत. मराठी आकड्यांचा स्वभावच तसा आहे. परकी नावंही मोठ्यानं म्हणून बघा. टिनटिनवाल्या बेल्जियन चित्रकाराचं नाव "हर्ज" नाही, "एर्झे". आद्याक्षरं उलटी करून फ्रेंचमध्ये म्हटली की ते होतं.

शक्यतो मूळ अंक हातात घेऊन तपासा. नेटवरच्या याद्या एकमेकींवरून उतरवलेल्या असतात, त्यामुळे दहा ठिकाणी सारखं लिहिलंय म्हणजे दहा पुरावे झाले असं नाही. घरी अंक नसेल तर संग्रह करणाऱ्या मित्राला पहिल्या आणि शेवटच्या पानाचा फोटो मागा, आणि हिराचंद नेमचंद वाचनालयासारख्या ठिकाणी ग्रंथपालांना विचारून ठेवा. जे पक्कं होत नाही ते कार्डावर येऊ देऊ नका.

*सावधान:* स्कॅन केलेल्या पीडीएफांचे ग्रुप, लिंका यांचा उल्लेख रेकॉर्डिंगवर नको. व्हिडिओ असेल तर पूर्ण अंक पानंपानं दाखवू नका. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ५२ मध्ये टीका-समीक्षेसाठी वाजवी वापराला मुभा आहे. म्हणजे ज्या चौकटीवर बोलताय तेवढी दाखवा आणि श्रेय सांगा. अख्खी गोष्ट वाचून दाखवणं ही समीक्षा होत नाही.

टप्पा ५: जागा आणि वेळ

बहुतेक वेळा तुम्ही घरूनच बोलणार. खोली निवडण्याआधी तुम्हाला बोलायचंय त्याच वेळी तिथे पाच मिनिटं डोळे मिटून बसा आणि काय काय ऐकू येतं ते लिहा. सोलापुरात ही यादी अशी निघते.

पाणी. पाणी सुटायचा दिवस आणि वेळ कॅलेंडरवर खूण करून ठेवा आणि तो दिवस सूत्रधाराला देऊच नका. खालची मोटर, वरच्या टाकीचा धबधबा, जिन्यातली हाकाहाक, आणि मुख्य म्हणजे मध्येच उठून तुम्हालाच नळाकडे जावं लागणं. पुण्यातल्या सूत्रधाराला हे समजावून सांगावं लागतं. सांगा.

यंत्रमाग. पूर्व भागात राहत असाल तर शेजारच्या कारखान्याची सुट्टी कोणत्या वारी असते ते विचारून घ्या. मागांची खटखट एडिटमध्ये पूर्ण जात नाही. ती काढायला गेलं की आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा होतो.

मिरवणुका. संक्रांतीच्या आसपास नंदीध्वजांची मिरवणूक आणि गड्ड्याची जत्रा, नारळी पौर्णिमेला मार्कंडेय रथोत्सव, गणपती, जयंत्या. तुमच्या पेठेतून कधी काय जातं ते तुम्हालाच ठाऊक; तारीख ठरवण्याआधी पंचांग बघा एवढंच.

पंखा. इथे सगळे अडतात. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर असताना पंखा बंद करून तासभर बसणं ही शिक्षाच आहे. कूलर तर त्याहून मोठ्यानं घुरघुरतो. उपाय दोन: उन्हाळ्यात सकाळी सातच्या आत रेकॉर्डिंग ठेवा किंवा दर वीस मिनिटांनी थांबून पंखा लावायची बोली आधीच करा. पंखा हळू ठेवून भागेल असं म्हणू नका, भागत नाही.

खोली लहान असावी, गादी, कपडे, पुस्तकं असलेली. रिकाम्या खोलीत आवाज घुमतो. इथे सोलापूरकराला खर्च शून्य. कपाटातल्या जाड सोलापुरी चादरी काढा, एक समोरच्या भिंतीवर, एक पाठीमागे दारावर टांगा, टेबलावरही एक अंथरा. घुमणं लगेच कमी होतं.

*सावधान:* चादर खोलीतला घुमारा शोषते, बाहेरचा आवाज अडवत नाही. चादरी लावल्या म्हणून मागांच्या शेजारी बसलात तर उपयोग नाही.

*तपासणी:* मोबाइलवर दोन मिनिटं बोलून रेकॉर्ड करा आणि इअरफोन लावून ऐका. नुसत्या कानाला जे जाणवत नाही (फ्रिज, ट्यूबलाइटची चोक, भिंतीवरचं घड्याळ) ते इथे कळतं.

टप्पा ६: माइक, इअरफोन, फाइल

आता माइक. तारेचा साधा कॉलर माइक तुमच्या कामाला पुरतो. तोंडापासून वीतभर खाली, शर्टाच्या बटणपट्टीवर लावा. ओढणी, साडीची किनार, सोन्याची साखळी त्याला घासणार नाही असं बघा. टेबलावरचा माइक असेल तर तोंडापासून वीतभर लांब आणि जरासा बाजूला ठेवा, नाकासमोर नको. मराठीत "भ", "फ", "प", "ध" ठासून येतात आणि त्यांचा फुत्कार सरळ माइकवर आदळतो. "भारतीय फँटम" हे दोनच शब्द पाच वेळा म्हणून बघा, जागा कळेल.

ब्लूटूथ इअरफोन वापरू नका. त्याचा माइक चालू झाला की आवाज साध्या फोन कॉलच्या दर्जावर उतरतो. तारेचे इअरफोन मात्र हवेतच. स्पीकरवर सूत्रधाराचा आवाज ठेवलात तर तो तुमच्या माइकमध्ये परत शिरतो आणि दोघांचे आवाज कायमचे चिकटतात.

दूरस्थ रेकॉर्डिंग दोन प्रकारे होतं. रिव्हरसाइडसारख्या सेवेवर प्रत्येकाचा आवाज त्याच्याच कॉम्प्युटरवर नोंदला जातो आणि मागून अपलोड होतो. त्यामुळे नेट अडखळलं तरी फाइल चांगली राहते. साध्या व्हिडिओ कॉलवर मात्र नेट अडखळलं की शब्दच गेले. कुठलाही प्रकार असो, दुसऱ्या एका मोबाइलवर स्वतःचा आवाज वेगळा रेकॉर्ड करत राहा. तो फोन फ्लाइट मोडवर हवा, आणि ज्या फोनच्या हॉटस्पॉटवर नेट चाललंय तोच नको. वेव्ह फाइलचा पर्याय असेल तर तो घ्या. ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट, मोनो या मापानं तासाभराची फाइल ३०० एमबीच्या थोडी वर जाते, तेवढी जागा आधी रिकामी करा.

टप्पा ७: रेकॉर्डिंगचा दिवस

जेवण दोन तास आधी, आणि त्या जेवणात शेंगाची चटणी नको. वाईट वाटतं खरं, पण दाण्याचा बारीक कूट घशात अडकून बसतो आणि पुढचा अर्धा तास खाकरण्यात जातो. दही, ताक, दुधाचा चहाही नंतर. कोमट पाणी जवळ ठेवा, स्टीलच्या भांड्यात नको. ते टेबलावर ठेवलं की टण्ण वाजतं.

अर्धा तास आधी या क्रमानं:

१. घरच्यांना वेळ सांगा, दारावर चिठ्ठी लावा, बेल बंद करा.
२. लॅपटॉप आणि दोन्ही फोन पूर्ण चार्ज, सूचनांचे आवाज बंद.
३. पंखा, कूलर, फ्रिज बंद. फ्रिजच्या हँडलला गाडीची किल्ली अडकवा, म्हणजे परत चालू करायला विसरणार नाही.
४. राखीव फोनवर रेकॉर्डिंग सुरू. सेकंद पुढे सरकताहेत हे डोळ्यांनी बघा.
५. सूत्रधार आला की दोघांनी मिळून मोठ्यानं एक टाळी. दोन फाइली जुळवायला ती लागते.
६. वीस सेकंद दोघंही गप्प. खोलीची शांतता नोंदली की एडिटमध्ये जोड कळत नाहीत.

कार्डं सुटी ठेवा, पिन मारलेली नकोत. जुना अंक हातात धरून पानं उलटू नका. त्या कागदाची करकर माइक आवडीनं पकडतो, शिवाय अंकाचंही नुकसान होतं.

टप्पा ८: बोलताना

प्रश्न संपल्यावर मनात एक आकडा मोजा, मग बोला. दूरच्या कॉलवर आवाज थोडा उशिरा पोचतो; घाई केली की दोघं एकमेकांवर बोलता.

चुकलात तर मध्येच "सॉरी सॉरी, म्हणजे..." करू नका. थांबा, दोन सेकंद गप्प राहा आणि ते वाक्य पहिल्या शब्दापासून परत म्हणा. एडिट करणारा तुम्हाला दुवा देईल. थेट प्रक्षेपणात मात्र "दुरुस्ती करतो, शहात्तर" एवढं म्हणून पुढे चला.

बोली बदलू नका. "करायलो", "बोलायलो" तोंडात आलं तर येऊ द्या. मुद्दाम पुणेरी बोलायला गेलेला पाहुणा दहाव्या मिनिटाला दमतो, आणि त्याचं लक्ष चित्राकडे राहत नाही, जिभेकडे जातं. वेग तेवढा आवरा. आपल्याकडे उत्साहात माणूस वाक्याचा शेवट गिळतो, आणि मराठीत क्रियापद नेमकं शेवटी असतं.

माहीत नसलेला प्रश्न आला तर "तपासून सांगतो" म्हणा आणि आपल्या तीन पानांपैकी एकाकडे वळा. न वाचलेल्या कॉमिक्सवर मत देऊ नका. सूत्रधार आग्रह करतो, कारण त्याला वाद हवा असतो.

*तपासणी:* अर्ध्या वेळेला कार्डाकडे बघा. तीनपैकी एकही पान सांगून झालं नसेल तर पुढच्या उत्तरात ते आणाच: "याचं एक पान सांगतो..."

स्टुडिओत बोलावलं असेल तर

पुण्याला जायचं तर हुतात्मा एक्सप्रेसनं सकाळी निघून संध्याकाळी परतता येतं. रेकॉर्डिंगची वेळ दुपारची मागा, म्हणजे गाडी रखडली तरी धावपळ नाही. मुंबईला सिद्धेश्वर एक्सप्रेसनं रात्रभर प्रवास करून थेट माइकसमोर बसू नका, आवाज बसलेला असतो. टप्पा ५ आणि ६ ची काळजी स्टुडिओ घेतो. टप्पा ३ ची घेत नाही.

टप्पा ९: रेकॉर्डिंग संपल्यावर

"झालं!" म्हणून लॅपटॉप मिटू नका. अपलोड शंभर टक्के झालं असं दिसेपर्यंत ती खिडकी उघडी ठेवा. चांगली रेकॉर्डिंगं सगळ्यात जास्त इथे वाया जातात. मग राखीव फोनचं रेकॉर्डिंग थांबवा, सेव्ह करा आणि सुरुवात, मधला भाग आणि शेवट ऐकून बघा. फ्रिज चालू करा.

राखीव फाइल व्हॉट्सॲपवर ऑडिओ म्हणून पाठवू नका, डॉक्युमेंट म्हणून पाठवा, दर्जा तसाच राहतो. ड्राइव्हवर टाकत असाल तर लिंक असलेल्या कुणालाही उघडता येईल अशी परवानगी द्या. रात्री अकराला एडिट करणारा परवानगी मागत बसतो आणि तुम्ही झोपलेले असता.

त्याच दिवशी सूत्रधाराला एक नोंद पाठवा: उल्लेख केलेल्या कॉमिक्सची नावं, अंक क्रमांक, लेखक, चित्रकार, शुद्धलेखनासह. ती भागाच्या वर्णनात जाते. चित्रकाराचं नाव विसरू नका. कॉमिक्सवरच्या गप्पांतही ते गळतं, ही लाजिरवाणी गोष्ट आहे. बोलताना एखादं साल चुकलं असं आठवलं तर कितव्या मिनिटाला ते लिहून आत्ताच कळवा. भाग प्रसिद्ध झाल्यावर कळवून फक्त वर्णनात एक ओळ टाकता येते.

भाग आला की पान-वर्णनाच्या तीन जागा एकदा ऐका, कार्डावर खुणा करा आणि कार्डं जपून ठेवा. पुढच्या वेळी दुसऱ्या पॉडकास्टनं बोलावलं तर मात्र तीच तीन पानं नेऊ नका, मराठीत कॉमिक्सचे श्रोते थोडे आहेत आणि ते सगळीकडे तेच असतात.